येसूबाईचा वानवळा

माझी बायको येसूबाई हिनं एकदा गोठ्यात शिरलेल्या बिबट्याला सुपानं हाणून बाहेर काढलं होतं. बिबट्या पळाला तो थेट आंबेनळी घाट चढून गेला, आणि सुपातला वाल मात्र एकही सांडला नाही. ही गोष्ट महाडात आमच्या गल्लीतल्या निदान चाळीस घरांना पाठ होती. येसूबाई पोलादपूरच्या पलीकडं कापड्याला राहायची, भातशेती बघायची, खोकला असताना डोक्यावरून भारे आणायची आणि मी महाडात पुस्तकं भाड्यानं देत बसतो म्हणून मला नावं ठेवायची. पंचवीस-तीस वर्षांत ती एकदाही महाडला आली नाही, कारण तिला एसटी लागायची.

दुसरं कारण असं की ती नव्हती.

हे दुसरं कारण मी आज पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा जरा बैजवार सांगतो. एकोणऐंशी साली मी महाडला उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी, दोन पोती पुस्तकं आणि एक पितळी तांब्या होता. चवदार तळ्याकडं जाणाऱ्या गल्लीत एका हाजीसाहेबांची दुमजली इमारत होती आणि खाली रस्त्याला लागून एक खोली रिकामी. माणूस सज्जन, पण वर लेकीसुना, म्हणून एकट्या पुरुषाला खोली द्यायची नाही हा नियम. फॅमिली आहे का, त्यांनी विचारलं. आहे, म्हटलं, गावाला असते, शेती सोडून येत नाही. गाव कोणतं? आदल्या दिवशी घाट उतरताना बसच्या खिडकीतून एक पाटी वाचली होती, ती सांगून टाकली, कापडे. मंडळींचं नाव काय? आता नाव काही मी वाटेत वाचलेलं नव्हतं. पण आमच्या दोघांच्या मध्ये माझा तांब्या होता, भंगारवाल्याकडून घेतलेला, आणि त्याच्या गळ्याभोवती कोरलेलं होतं, ‘सौ. येसूबाई हिस सप्रेम भेट’. ते हाजीसाहेबांनीच मोठ्यानं वाचलं, मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. म्हणजे माझं लग्न त्यांनीच लावलं म्हणायला हरकत नाही.

खरं लग्न का झालं नाही, ते विचाराल तर सात कारणं सांगीन आणि सातही वेगवेगळी असतील. ते राहू द्या. खोटी बायको माणसाला खऱ्या बायकोपेक्षा जास्त राबवते, एवढं मात्र अनुभवानं सांगतो. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मला तिला भेटायला जावं लागायचं. मी सकाळची बस धरून पोलादपूरला उतरायचो, स्टँडवरच्या बाकावर बसायचो, वडा खायचो, सगळ्या गाड्यांचे बोर्ड वाचून काढायचो आणि चारच्या गाडीनं परत. पुढं कापड्याला मी कधी गेलो नाही. जाऊन करणार काय? येताना स्टँडसमोरच्या दुकानातून नाचणीचे पापड, कधी कुळीथ, कधी कडवे वाल घ्यायचे आणि महाडात चार घरी वाटायचे. गावाहून येणाऱ्याच्या हातात वानवळा नसला तर लोक म्हणतात, याचं गावाकडं काही राहिलेलं दिसत नाही.

एकदा मात्र माझीच फजिती झाली. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला असलेला चांगू नावाचा माणूस रहस्यकथा न्यायला आला. बोलता बोलता निघालं की तो कापड्याचाच. मी अंदाजपंचे म्हटलं, वरच्या वाडीत आमची येसू असते. चांगूनं हातातलं पुस्तक उलटसुलट करून बघितलं. आपल्या गावातली बाई आपल्याला माहीत नाही हे कबूल करायला आमच्याकडची माणसं तयार नसतात. “येसूवैनी? वळखतो ना,” तो म्हणाला. “परवाच च्या घेतला त्यांच्याकडं. म्हस इली हाय.” माझी बायको, तिच्या हातचा चहा मला वीस वर्षांत मिळाला नव्हता आणि हा परवा पिऊन आला होता. मी त्या रात्री बराच वेळ त्या व्यायलेल्या म्हशीचा विचार केला. पुढं चांगू आला की मी मुद्दाम तिची खुशाली विचारायचो आणि तो बिनदिक्कत सांगायचा. एकदा तर म्हणाला की येसूवैनी तुमच्यावर रुसल्यात. मला खरोखर वाईट वाटलं.

आता दुकानाचं. भाड्याची पुस्तकं म्हणजे फाटकी, कव्हरांना खाकी कागद लावलेली, आत तारखांचे शिक्के. एका पावसाळ्यात सावित्रीचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा माझ्या रहस्यकथा सगळ्या बुडाल्या आणि प्रेमकथा तरंगत तळ्यापर्यंत गेल्या, कारण त्यांत हवा जास्त. दुसऱ्या दिवशी लोकांनी त्या वेचून आणून दिल्या, वाळवल्या, आणि मग तर त्या जास्तच खपायला लागल्या. त्यातही एक फळी अशी होती की जिच्यावर पुस्तक टिकायचं नाही. खोट्या लग्नाची फळी. त्याला आजोबांच्या मृत्युपत्रासाठी बायको हवी, तिला भावाच्या ऑपरेशनसाठी आधार हवा, दोघं सहा महिन्यांचा करार करतात. घरच्यांसमोर नवराबायको, खोलीचं दार लागलं की परके. एकच पलंग, मध्ये उशी. पुढं कोणाला तरी ताप येतो, कपाळावर पट्ट्या ठेवल्या जातात आणि दीडशेव्या पानाच्या आसपास उशी कुठं गेली ते कळत नाही. नावं बदलायची, शहरं बदलायची, ताप तोच. तरी बायका नेत होत्या. कारखान्याच्या पाळीला नवरा गेला की एक, आणि तो परत यायच्या आत दुसरं.

कोणी कोणतं पुस्तक वाचलं हे मला न विचारता कळायचं. भाड्याची पुस्तकं वाचणाऱ्यांची एक रीत असते. तेच पुस्तक पुन्हा घरी नेलं जाऊ नये म्हणून प्रत्येक जण एका ठरलेल्या पानावर आपली खूण करून ठेवतो. कोणी पानाच्या आकड्याभोवती गोल काढतं, कोणाचा हळदीचा अंगठा. वर राहणाऱ्या परवीनभाभी नखानं चंद्रकोर उमटवायच्या.

परवीनभाभी म्हणजे हाजीसाहेबांची सून. नवरा अमजद कुवेतला, दोन वर्षांनी एकदा यायचा, चाळीस दिवस राहायचा. वाचलेलं पुस्तक त्या गॅलरीतून दोरीला बांधलेल्या टोपलीत घालून खाली सोडायच्या आणि मी त्यात दुसरं ठेवायचो. एकदा त्या टोपली वर ओढत असताना मी त्यांना विचारलं की भाभी, तुमचं लग्न खरं, साक्षीदारांसमोर झालेलं, मग तुम्हाला ह्या खोट्या लग्नांचं एवढं काय? त्यांनी दोरी थांबवली. टोपली मध्येच लोंबकळत राहिली.

“चाचा,” त्या म्हणाल्या, “खोट्या लग्नातला नवरा समोर तरी बसतो.”

आणि टोपली वर गेली.

आता ज्यांच्यासाठी हे लिहायला बसलो त्यांच्याकडं येतो. शर्मिला साळवी पोलादपूरला प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि महाडात खोली घेऊन एकट्या राहायच्या. चाळिशी ओलांडलेली. वडील लवकर गेले, तीन भावंडांची शिक्षणं, लग्नं यांनीच केली, आणि ते सगळं आटपून मान वर केली तेव्हा यांच्यासाठी स्थळं बघणारं कोणी उरलं नव्हतं. आई त्यांच्या गावी, कापड्याच्याही पुढं आतल्या बाजूला. वीस मार्चला तळ्यावर माणसांचा पूर लोटतो तेव्हा साळवीबाई पहाटेपासून पाण्याच्या पिंपापाशी उभ्या असायच्या. एका वर्षी ऊन लागून सावलीला म्हणून माझ्या दारात टेकल्या, तांब्यातलं पाणी प्यायल्या, फळीवरचं पुस्तक चाळलं आणि तेच घेऊन गेल्या. त्यानंतर दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की दुपारच्या आधी त्या यायच्या आणि तासभर स्टुलावर बसायच्या.

हा तास म्हणजे काय होता, हे ज्याचा आठवडा सहा दिवस मुका असतो त्यालाच कळेल.

पण एक शिक्षिका, बिनलग्नाची, एका पुरुषाच्या खोलीत तासभर बसते, हे गल्लीला चालायचं कसं? तर येसूबाईमुळं. मी लग्नाचा माणूस होतो. साळवीबाई आत येता येता जरा मोठ्यानंच विचारायच्या, उतेकरभाऊ, वहिनी कशा आहेत? मी तेवढ्याच मोठ्यानं येसूचं नवं काहीतरी सांगायचो आणि कानोसा घ्यायला थांबलेली शेजारच्या शिंप्याची शिलाईमशीन पुन्हा सुरू व्हायची. म्हणजे आम्हा दोघांच्या मध्ये येसूबाई बसलेली असायची, कादंबऱ्यांतल्या उशीसारखी.

साळवीबाईंची खूण म्हणजे पेन्सिलीनं काढलेला बारीक तांदळाचा दाणा. पण तो ठरलेल्या पानावर नसायचा. कधी एकशे बारावर, कधी एकशे तीसवर. बरेच दिवस मला उलगडा होईना. मग लक्षात आलं की जी नवी पुस्तकं पहिल्यांदा त्याच न्यायच्या, त्यांत दाण्याच्या पुढची पानं कोरी करकरीत. म्हणजे बाई तिथंच वाचणं सोडतात, आणि ते पान नेहमी ताप येण्याच्या अलीकडचं. एका शनिवारी मी विचारलंच, शेवट का वाचत नाही?

“पुढं खरं होतं,” त्या म्हणाल्या. “खोटं असतं तोवर दोघं एकमेकांकडं नीट बघतात, भाऊ. चहात साखर किती, चपला कुठं काढतो, कोणत्या कुशीवर झोपतो. कोणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे ना. खरं झालं की कोण विचारतं?”

मी हसून काहीतरी थाप मारली. पण त्या गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की त्या डावी चप्पल आधी काढतात हे मला माहीत आहे. चहात आलं चालत नाही. हसू आलं की पदर नाही, पुस्तक तोंडावर धरतात. खडूनं उजव्या हाताचं पहिलं बोट चिरलेलं असतं आणि त्यावर त्या कोकमाचं तेल लावतात. कोणी माझी परीक्षा घेतली असती तर पहिला आलो असतो.

हे असं तीन-चार वर्षं चाललं. मध्ये मध्ये त्या म्हणायच्या की आईकडं जाताना एकदा कापड्याला उतरते, वहिनींना भेटते. मी येसूला कधी शेतावर पाठवायचो, कधी माहेरी. आणि मग दोन हजार एकच्या जानेवारीत त्या आल्या त्या हसतच. जनगणनेचं काम लागलं होतं. गाव कोणतं, तर कापडे. “आता कुठं जातील?” त्या म्हणाल्या. “घरात गाठून मोजते त्यांना.”

कापडे काही मुंबई नव्हे. घर न् घर, माणूस न् माणूस कागदावर येणार, आणि त्यात माझी बायको नसणार. मग साळवीबाईंना कळणार की चार वर्षं आपण एका एकट्या, लबाड पुरुषाच्या खोलीत बसत होतो. स्टूल रिकामं होणार. बाकी कशाचीही मला पर्वा नव्हती. खोली गेली असती तरी चाललं असतं, शनिवार गेला असता तर नसतं.

आठ दिवस मी येसूला मारायचा विचार केला. नदीच्या डोहात, साप चावून, नुसत्या तापानं. प्रत्येक वेळी शेवटच्या क्षणी ती वाचली. एक तर वीस वर्षांची सवय. आणि दुसरं म्हणजे विधुराच्या खोलीत तरी बाई कशा बसणार? येसू असली तर मी खोटा आणि नसली तर साळवीबाई येणार नाहीत, असा पेच. शेवटी ठरवलं की शनिवारी सगळं खरं सांगून टाकायचं. त्या शनिवारी त्यांचं जनगणनेचं प्रशिक्षण होतं. पुढच्या शनिवारी त्या कापड्यात. त्याच्या पुढच्याही. मी दुकान उघडायचो, तांब्यात ताजं पाणी भरायचो, स्टूल पुसायचो. वरून टोपली आली तर कोणतं पुस्तक ठेवलं तेही कळायचं नाही. परवीनभाभींना एकदा मी गुन्ह्यांची कादंबरी पाठवली. त्यांनी ती न वाचताच परत सोडली आणि विचारलं, चाचा, तब्येत बरी आहे ना?

मार्चच्या पहिल्या शनिवारी साळवीबाई आल्या. उन्हानं काळवंडलेल्या. डावी चप्पल काढली, मग उजवी. शेजारची मशीन थांबली होती. मी उभाच.

“वहिनी बऱ्या आहेत,” त्या दारातूनच म्हणाल्या, नेहमीच्या मोठ्या आवाजात. “खोकला आहे थोडा. वानवळा दिलाय तुम्हाला.”

मशीन सुरू झाली. त्यांनी पिशवीतून जुन्या वर्तमानपत्रात बांधलेली पापडांची चवड काढून टेबलावर ठेवली. मी एक कच्चाच मोडून तोंडात टाकला. ओवा जास्त होता. पोलादपूर स्टँडसमोरून मी जे पापड घ्यायचो त्यांतही तो असाच जास्त असायचा.

“आमच्या आईचा हात तसाच आहे,” त्या आता हळू बोलल्या. “तिचे पापड त्या दुकानात जातात. तुम्ही पहिल्यांदा वहिनींचा वानवळा म्हणून दिलेत तेव्हाच मी ते भाजून बघितले होते.”

म्हणजे पहिल्या वर्षापासून. मी हिशेब करत राहिलो, त्यानंतर किती शनिवार झाले त्याचा. प्रत्येक शनिवारी त्यांनी दारातून वहिनींची चौकशी केली होती, बिबट्या ऐकून घेतला होता, म्हशीच्या पारडाचं नावसुद्धा सुचवलं होतं.

बाई, मला सांगायचंय, असं मी सुरू केलं. त्यांनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

“कापड्यात येसूबाई तीन निघाल्या. त्यातली तुमची कोणती, ते मी विचारलं नाही.” मग स्टुलावर बसत, “वहिनी आहेत म्हणून मला इथं बसता येतं. त्या असू देत.”

मी बसलो. त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं. मग टेबलाकडं बघत, अगदी सहज निरोप सांगावा तशा त्या म्हणाल्या, “आणखी म्हणाल्यात की ते चहा तीनदा गरम करून पितात, तसा पिऊ देऊ नका. वाचता वाचता चष्मा पुस्तकात ठेवून झोपतात, काच जाईल एक दिवस. आणि दुसऱ्या रविवारी परत येतात तेव्हा फार दमलेले असतात. एवढं लांब येत जाऊ नका म्हणावं.”

हे सगळं येसूबाईनं सांगितलेलं होतं, तेव्हा उत्तरही तिलाच द्यायला हवं होतं. तिला सांगा बरं, एवढंच म्हटलं. त्या दिवशी त्यांनी मला एकदाही भाऊ म्हटलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं ते दोन दिवसांनी.

मी स्वतःशी एक नियम केला. साळवीबाईंना खऱ्याच्या अलीकडच्या पानावर थांबायचं आहे, तर आपण त्यांना पुढं ओढायचं नाही. त्यांच्या पुस्तकांतला दाणा शोधायचंही मी सोडलं. त्यांनी पुस्तक परत दिलं की न उघडता सरळ फळीवर. कोणाचा निरोप दुसऱ्यानं वाचू नये तसं.

पुढची सहा वर्षं येसूबाईनं दोघांचे निरोप नेले आणले. माझा गुडघा दुखतो हे तिला कळलं होतं. साळवीबाईंची आई पडली तेव्हा येसूनं त्यांना धीर धरायला सांगितलं. दिवाळीला मी येसूसाठी लुगडं घेत असे, आधीची सगळी माझ्या पेटीत घडी न मोडता पडलेली. आता साळवीबाई म्हणाल्या की रंग मी निवडते, आणि वहिनींना सहावारी घ्या, आता गावातही सहावारीच नेसतात. त्यांनी निवडली ती जांभळी, पुढच्या वर्षी हिरवट, मग एक शाईच्या रंगाची. दुकानदारानं उघडून दाखवली की त्या खांद्यावर टाकून बघायच्या, वहिनींना कशी दिसेल म्हणून. मी ती घरी आणून पेटीत ठेवायचो. काय हुशार माणूस मी.

दोन हजार सातच्या मे महिन्यात त्यांनी बदली मागून घेतली. आई अंथरुणाला खिळलेली, गावातल्याच शाळेत जागा होती. शेवटच्या शनिवारी त्या पुस्तक परत द्यायला आल्या. टेबलावर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“नीट तपासून घ्या,” त्या म्हणाल्या.

“तुमचं पुस्तक मी कधीच तपासत नाही,” मी अभिमानानं म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग तांब्यातलं पाणी प्यायल्या, भांडं पालथं घातलं, चपला पायात सरकवल्या. दारातून नेहमीपेक्षा बऱ्याच हळू म्हणाल्या की वहिनींना सांगा, आठवण काढते. शिलाईमशीन चालूच राहिली, तिच्यापर्यंत ते पोचलंच नसावं.

त्यानंतर दुकान फार दिवस चाललं नाही. घरोघरी टीव्हीवर तीच खोटी लग्नं फुकटात लागायला लागली. अमजदनं परवीनभाभींना आणि मुलांना कुवेतला नेलं, टोपलीचा दोर गॅलरीला तेवढा राहिला. दुसऱ्या वर्षी मी पुस्तकं रद्दीला काढली. गठ्ठे बांधताना शेवटच्या शनिवारचं पुस्तक हातात आलं. आता कोणाचा निरोप नि कोण वाचणार, म्हणून उघडलं. एकशे दहा, एकशे वीस, एकशे चाळीस. दाणा नाही. ताप आला, पट्ट्या झाल्या, उशी गेली, तरी नाही. पानं मात्र मऊ, वाचलेली. दाणा होता अगदी शेवटच्या पानावर, समाप्तच्या खाली.

मी बांधलेले गठ्ठे सोडले. दोन हजार एकच्या मार्चनंतरचं त्यांनी नेलेलं प्रत्येक पुस्तक काढून बघितलं. सगळ्यांत शेवटच्या पानावर. सहा वर्षं त्या शेवटापर्यंत वाचत होत्या आणि मी नियम पाळत होतो.

रद्दीवाला दारात उभा होता. त्याला उद्या ये म्हटलं.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मी शाईच्या रंगाची साडी पिशवीत घातली आणि महाड स्टँडवर त्यांच्या गावाकडं जाणारी गाडी धरली. पोलादपूर, कापडे आणि पुढं आतल्या गावात मुक्कामाला जाणारी. कंडक्टर नेमका पांडू. वर्षानुवर्षं पोलादपूरच्या गाड्यांवर असल्यामुळं मला ओळखणारा. मी तोंड उघडायच्या आत त्यानं पिशवीकडं बघितलं, तिकीट फाडलं आणि हातात दिलं.

“आज थेट कापड्याला? वहिनींकडं ना?”

आख्खी बस ऐकत होती. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण त्या शब्दामागून जे सांगावं लागलं असतं ते कधी तोंडातून काढलंच नव्हतं. म्हटलं, हो.

कापडे आलं तेव्हा पांडूनंच घंटी मारली, उतेकर, उतरा म्हणाला, आणि चार माणसांनी पाय बाजूला घेऊन मला वाट करून दिली. उतरलो. गाडी पुढं गेली. तीस वर्षं जिथं माझा संसार होता ते गाव मी पहिल्यांदा बघितलं. कापणी झालेली खाचरं, त्यांत वालाची हिरवी रोपं, एका घरापुढं सूप उन्हात वाळत घातलेलं, शेजारी खरोखरची एक म्हैस. बिबट्याला लपायला जागा नव्हती.

वरच्या वाडीकडून एक म्हातारी डोक्यावर गवताचा भारा घेऊन येत होती. तिला मी पुढच्या गावाचा रस्ता विचारला. लांब हाय, ती म्हणाली, दुसरी गाडी आता नाय. कोनाकडं जायचाय? आणि मी माझ्या आयुष्यात न केलेली गोष्ट केली, विचारल्याबरोबर खरं सांगितलं. साळवीबाईंकडं, शाळेतल्या.

“वळखते ना,” ती म्हणाली. चांगूच्याच गावची, तेव्हा ते खरं की खोटं कळायला मार्ग नव्हता. तिनं भारा जरा सावरला, माझ्या पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“तुमी कोन त्यांचं?”

मला बावीस उत्तरं सुचायला हवी होती. म्हातारीनं भाराखाली मान ताठ धरून बराच वेळ वाट बघितली. मग ती उताराला लागली, आणि मी साडीची पिशवी या हातातून त्या हातात घेत रस्त्याच्या कडेला उभा राहिलो.